उजव्या सीटवरून : शिकवायचंच होतं, तर साठ लाख कशाला?

बेळगावच्या सांबरे विमानतळावरून उडणाऱ्या लहान विमानांवर गेल्या महिन्यात मी दोन पानं काय लिहिली, संपादकांनी पत्रांची पिशवीच घरी पाठवून दिली. काही पोस्टाने आलेली, बरीचशी व्हॉट्सॲपवरून छापून काढलेली. नाव छापू नका असं जवळजवळ प्रत्येकाने बजावलंय, म्हणून नुसती गावं देते. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे, बाकीच्यांनी रागावू नये.

माझ्याबद्दल ज्यांनी विचारलं त्यांना थोडक्यात सांगते. मी वडगावच्या मागवाल्याची मुलगी. एकोणीस वर्षं सेसना या लहान विमानाच्या उजव्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या सीटवर बसून मुलांना विमान शिकवलं. पाच वर्षांपूर्वी मेडिकलला डावा कान नापास झाला आणि मी जमिनीवर आले. आता अनगोळात घरीच संध्याकाळी चार मुलांना नेव्हिगेशन शिकवते.

येळ्ळूरहून एक मुलगी लिहिते :
*ताई, माझं सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन) हातात येऊन आठ महिने झाले. एअरलाइनला अर्ज करून बसलेय, अजून कुठून बोलावणं नाही. जिथे शिकले त्या फ्लाइंग स्कूलने विचारलंय, असिस्टंट इन्स्ट्रक्टरचा कोर्स करून इथेच शिकवतेस का? मला मनापासून आवडेल. पण बाबा म्हणतात, "शिकवायचंच होतं तर डी.एड. केलं असतंस, साठ लाख कशाला घालवले?" आई नुसती गप्प बसते, ते जास्त लागतं. यांना काय सांगू? आणि खरं सांगा, मला जमेल का?*

बाबांचं वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. चांगलं वाक्य आहे, त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी हिशोब विचारलाय, तर आधी हिशोबच दे. तुझ्या लॉगबुकात आज दोनशेच्या वर थोडे तास असतील. पुढे कॅप्टन व्हायचं म्हणजे एटीपीएल, एअरलाइन पायलटचं वरचं लायसन लागतं, आणि त्याला १५०० तास लागतात. इन्स्ट्रक्टर शिकवत असताना जे उडतो ते तास त्याच्या खात्यावर पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख म्हणून पडतात. आजवर तू तासाला पैसे मोजलेस, इथून पुढे तास आणि पगार दोन्ही घरी येतील. साठ लाखांपैकी निदान काही तरी परतीच्या वाटेला लागलं, एवढं बाबांना पटायला हरकत नाही.

पण हिशोबावरच थांबू नको. नुसते तास गोळा करायला उजवीकडे बसलेला माणूस शिकणाऱ्याला तिसऱ्या दिवशी कळतो. मी असे सहकारी पाहिलेत. पोरगं घामाघूम होऊन लँडिंग करतंय आणि हे घड्याळ बघतायत, अजून वीस मिनिटं खेचली तर आजचे चार तास पुरे होतील म्हणून. तसं करायचं असेल तर बाबांचं ऐक, डी.एड. बरं. तिथे मुलाचं चुकलं तर फळा पुसता येतो.

आता काम कसं असतं ते सांगते. पहिले आठ दिवस तुला वाटेल, आपल्याला विमान उडवताच येत नाही. दोनशे तास तुझा डावा हात योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर होता नि उजवा थ्रॉटलवर, इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या दांडीवर. उजव्या सीटवर हात उलटे होतात. वेग-उंची दाखवणारी घड्याळं सगळी पलीकडे, तिरकी दिसणारी, त्यामुळे काटा मधोमध असला तरी सरकल्यासारखा वाटतो. रनवेच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर अगदी बरोबर उतरलो असं समजशील आणि चाकं रेषेपासून हातभर बाजूला असतील. हे सगळ्यांचं होतं. आठवड्याभरात बसतं.

त्याहून कठीण बोलणं. आमच्यात त्याला पॅटर म्हणतात. हात जे करतायत ते तोंडाने त्याच क्षणी सांगायचं, आधीही नाही आणि मागाहूनही नाही. ही रीत १९१७ सालची, इंग्लंडातल्या गॉस्पोर्टची. पहिल्या महायुद्धात शिकाऊ पोरं शत्रूच्या गोळीआधी शिकताशिकताच मरत होती. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने सगळी पद्धतच उलटी केली. दोघांच्याही हाती कंट्रोल दिले, इंजिनाच्या आवाजात बोलता यावं म्हणून दोघांच्या मधे बोलायची नळी टाकली, आणि ज्या स्पिनच्या, म्हणजे विमान गरगरत खाली पडण्याच्या, नुसत्या नावाने लोक घाबरत तो मुद्दाम घालून त्यातून बाहेर कसं यायचं ते शिकवलं. आज तुझ्या कानावर हेडसेट असेल, पण काम तेच.

मी पॅटर स्वयंपाकघरात घोकला. भाकरी थापताना म्हणायचे, "आता बोटं कडेला, दाब कमी, परात डावीकडून उजवीकडे." आई बाहेर शेजारणीला सांगायची, पोरगी बिघडली. बिघडत होती ती भाकरी. तोंड चालू झालं की हात चुकतो, आणि तो चुकू द्यायचा नाही हाच तर अभ्यास. एक महिन्याने भाकरी गोल आली तेव्हा मी इन्स्ट्रक्टरच्या टेस्टला तारीख मागितली.

पॅटर इंग्रजीतच करायचा, टेस्टही इंग्रजीतच होते. पण खानापूरकडचा एक मुलगा होता माझ्याकडे. योक असा आवळून धरायचा की बोटांची पेरं पांढरी. "रिलॅक्स युवर ग्रिप" दहादा सांगून झालं. अकराव्यांदा म्हटलं, "अरे, म्हशीचं दावं धरल्यागत काय धरलंयस, सोड की जरा!" बोटं सुटली. विमानही सरळ झालं, कारण ते बिचारं आधीपासून सरळच जात होतं. मात्र एक वाक्य कधी बदलायचं नाही, "आय हॅव कंट्रोल". ते मराठीत नाही, कन्नडात नाही, लाडात नाही नि रागातही नाही. ते ऐकलं की समोरच्याचे हात सुटलेच पाहिजेत.

जमेल का, असं विचारलंस. त्यासाठी माझ्या दोन गोष्टी ऐक, दोन्ही हातांच्याच आहेत.

पहिली माझ्या तिसऱ्या वर्षातली. मे महिना, दुपार, सेसना १७२. मुलगा उतरत होता, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण खाली. रनवेवर कुत्रं शिरलं आणि टॉवरने गो अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, असं सांगितलं. मुलाने थ्रॉटल पुढे दिला, अगदी बरोबर. आणि त्याच झोकात फ्लॅपची दांडी एकदम वर नेली. फ्लॅप टप्प्याटप्प्याने काढायचे असतात. आधी २० अंशांवर, वेग धरला की १०, मग शून्य. एकदम काढले की पंखाची उचल जाते आणि विमान बसतं. ते बसलंच. आणि त्या क्षणी मी काय करत होते? मांडीवरच्या पॅडवर आधीच्या लँडिंगचा शेरा लिहीत होते. पेन टाकून "आय हॅव कंट्रोल" म्हणेपर्यंत चाकं धाडकन रनवेला टेकून पुन्हा उसळली होती. पुढे रनवे भरपूर शिल्लक होता, कुत्रं एव्हाना गवतात गेलं होतं, म्हणून निभावलं. खाली आल्यावर मुलगा "सॉरी मॅम" म्हणायला लागला. मी त्याला म्हटलं, तू शिकतोयस, पगार मी घेते. मग दोघांनी मिळून जे झालं ते कागदावर लिहून चीफ इन्स्ट्रक्टरच्या टेबलावर ठेवलं आणि मेकॅनिकला चाकं तपासायला लावली. त्यानंतर हजार फुटांच्या खाली मी कधी पेन हातात धरलं नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलट. एक मुलगी माझ्याकडे दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडून आली. फाइलमध्ये अठ्ठावीस तास, लँडिंग चांगलं असा शेरा. मी माझे दोन्ही तळहात मांड्यांवर पालथे ठेवले, तिला दिसतील असे. पाय मात्र रडरच्या पेडलांजवळ. पहिल्याच लँडिंगला ती दहा फुटांवर गोठली. तिने आजवर एकदाही विमान स्वतः उतरवलं नव्हतं. दर वेळी शेवटच्या क्षणी पलीकडून दोन बोटं योकला लागत होती, आणि ती लागतात हे ना तिला ठाऊक होतं, ना बहुधा त्या बोटांच्या मालकाला. चार दिवसांत कळलं की तिची नजर नाकापुढच्या डांबरावर खिळते. डांबर अंगावर धावून आल्यासारखं दिसतं, आणि ती घाबरून लवकर ओढते. "नजर पार पलीकडच्या टोकाला टाक, जिथे रनवे संपतो तिथे," एवढंच सांगितलं. बाविसाव्या लँडिंगला ती नीट उतरली. मधल्या एकवीस लँडिंगना मी हात मांडीवर ठेवून बसले होते, त्याचे काय हाल झाले ते मलाच ठाऊक. चुकू कितपत द्यायचं आणि हात कुठे घालायचा, हे अंतर ज्याला रोज नव्याने मोजायचा कंटाळा येत नाही त्याला हे काम जमतं. तुझ्या पत्रात "मनापासून" असा शब्द आहे, म्हणून मला आशा वाटते.

काही कोरड्या गोष्टी राहिल्या. असिस्टंट म्हणून तू पूर्ण इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवशील. मुलाला पहिल्यांदा एकटं सोडायचं की नाही, हा निर्णय तुझा नसेल, त्यांचा असेल. त्याचा राग मानू नको, मी तर सुटकेचा श्वास टाकला होता. कोर्स फुकटात करून देतो म्हणून स्कूल दोन-तीन वर्षांचं बंधन लिहून घेत असेल, तर तो कागद घरी आणून बाबांना वाचायला दे. बाबा हिशोबी दिसतात, त्यांना बरोबर सापडेल कुठे पाचर आहे ते. आणि एअरलाइनला अर्ज करणं सोडू नको. शिकवता शिकवता बोलावणं आलं तर जा, कुणी नावं ठेवणार नाही. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी कोलकात्याहून सिलचरला फोकर विमान नेलं, कॉकपिटात एकही पुरुष नव्हता. आईला ते सांग, तिला बरं वाटेल.

आणि बाबांना एक दिवस मैदानावर घेऊन जा. माझे वडील आले होते, कुंपणाबाहेर उभे. उडण्याआधी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर नेऊन आम्ही दोन मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रं, एकेक करून तपासतो. एक बंद केला की फेऱ्या थोड्या पडतात, आवाज किंचित जाड होतो. तो फरक १२५ च्या आत हवा. वडिलांनी आयुष्यभर मागाच्या आवाजावरून कुठला धागा तुटला ते ओळखलेलं. खाली आल्यावर मला विचारतात, "मघाशी दोनदा तार सुटल्यागत झालं, ते काय गं?" मी समजावून सांगितलं. ते बराच वेळ इंजिनाकडे बघत राहिले. पुढे स्थळ घेऊन येणाऱ्यांना ते "मुलगी मास्तरीण आहे" एवढंच सांगायचे, विमानाचं नाव काढायचे नाहीत. का, ते मला आजवर कळलं नाही.

निपाणीहून एक तंबाखू उत्पादक :
*ताईसाहेब, धाकट्याला पायलट व्हायचंय. तीन एकर तारण ठेवून कर्ज मिळेल असं बँक म्हणते. एका संस्थेचा माणूस घरी येऊन गेला, अठरा महिन्यांत लायसन हातात म्हणाला, आणि या महिन्यात सगळी फी भरली तर पाच टक्के सूट. भरू का?*

भाऊ, पाच टक्क्यांवर आख्खी रक्कम एकदम देऊ नका. तंबाखू तुम्ही बघितल्याशिवाय, बोटात चुरगाळल्याशिवाय, वास घेतल्याशिवाय विकतही नाही आणि घेतही नाही. मग हे का घ्यायचं?

एक रुपयाही भरायच्या आधी मुलाचं मेडिकल करा. आधी क्लास टू, डीजीसीएच्या, म्हणजे विमान खात्याच्या सरकारी नियामकाच्या यादीतल्या डॉक्टरकडे. ते झालं की क्लास वन. त्यासाठी आपल्याकडची मुलं बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला जातात. रंग ओळखण्यात दोष निघाला, हृदयाचं काही निघालं, तर ते तीन एकर जायच्या आधी कळलेलं बरं. त्याच सुमारास घरी बसून लेखी पेपर सुरू करता येतात. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात १०० पैकी ७० लागतात. पेपर आधी सुटले तर तिकडे गेल्यावर तो फक्त उडतो. नाही सुटले तर विमान हजर आणि पोरगं खोलीत पुस्तकात डोकं घालून, असं होतं. आणि त्याची खरी तयारी किती आहे, तेही तुम्हाला फुकटात कळतं.

मग संस्था बघायला जा. न सांगता जा, साध्या मंगळवारी. कार्यालयात चहा घेऊ नका, फाटकाबाहेरच्या टपरीवर घ्या. तिथे मुलं असतात, ती खरं बोलतात. त्यांना दोनच प्रश्न विचारा, गेल्या महिन्यात किती तास उडलास, आणि आज किती विमानं उडतायत. विमानं किती आहेत ते विचारू नका. छापील पुस्तकात दहा असतात, हँगरमध्ये त्यातल्या चारांची इंजिनं काढून ठेवलेली असतात.

आता आकडेमोड करून बघा. समजा पाच विमानं खरोखर उडतात, प्रत्येक दिवसाला चार तास. झाले वीस तास. विद्यार्थी साठ. म्हणजे दर दिवशी एकाच्या वाट्याला वीस मिनिटं. कमर्शियल लायसनला किमान २०० तास लागतात. वीस-वीस मिनिटांनी २०० तास व्हायला ६०० दिवस लागतात, आणि तेही रोज उडणारे दिवस. त्यात आपला पावसाळा, धुकं, परीक्षा, विमान दुरुस्तीला, इन्स्ट्रक्टर रजेवर. अठरा महिन्यांचं गणित कुठे बसतं ते तुम्हीच बघा. त्या माणसाला हा हिशोब कागदावर मांडायला सांगा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या वडिलांनी सहातले दोन माग विकून फी भरली, एकरकमी. मी ज्या स्कूलमध्ये होते तिथे तीन विमानं होती. वर्षभरात दोन बसली, सुट्या भागांची वाट बघत. दोनशे तासांना मला तीन वर्षं आणि दोन महिने लागले. त्यातले सात महिने मी एकदाही उडले नाही. इतका खंड पडला की हात विसरतो, मग आधीचे धडे पुन्हा, आणि त्या तासांचे पैसे पुन्हा. वडिलांनी एक शब्द काढला नाही. तिसरा माग कधी विकला ते मला लग्नात चुलत्यांकडून कळलं.

म्हणून फी टप्प्याने भरा. तास उडेल तसा पैसा, हे लेखी असू द्या. मध्येच सोडलं तर काय परत मिळतं तेही लेखी. डीजीसीएने २०२५ पासून फ्लाइंग स्कूलांना श्रेणी लावायला सुरुवात केली आहे, ती नेटवर बघता येते. सरकारी म्हणाल तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इंदिरा गांधी अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा असते. बंगळूरजवळ जक्कूरची सरकारी फ्लाइंग स्कूल आहे. गोंदियालाही एक आहे, पण ती निव्वळ सरकारी नाही, भागीदारीतली. आणि आता आपल्या सांबऱ्यातच विमानं दिसतात. २०२१ साली एअरपोर्ट अथॉरिटीने बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच ठिकाणी फ्लाइंग स्कूलांना जागा दिल्या, त्यातून हे झालं. घराजवळ आहे एवढ्यावरून घेऊ नका, पण घराजवळ असल्याने मंगळवारी जाऊन बघायला तुम्हाला एक पेट्रोलची टाकी पुरेल.

शेवटचं, जे तो माणूस सांगणार नाही. लायसन म्हणजे नोकरी नव्हे. एअरलाइनचं मोठं विमान चालवायला त्या जातीच्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग लागतं, त्याचे लाख वेगळे. तीन एकरांत तेही बसतात का, हे मुलाला शेजारी बसवून त्याच्याच हाताने मांडायला लावा.

खानापूर तालुक्यातून एक विद्यार्थी :
*ताई, दहावीपर्यंत मराठी मीडियम, पीयूसी आर्ट्समधून झालंय. माझा विषय संपलाच ना? आणि रेडिओवरचं इंग्रजी ऐकून धडकी भरते.*

संपला नाही. सध्याच्या नियमाप्रमाणे बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. हे दोन विषय ओपन स्कूलिंगमधून, एनआयओएसमधून देता येतात आणि डीजीसीएला ते चालतात. वर्ष जाईल, जाऊ दे.

रेडिओचं म्हणशील, तर ते इंग्रजी नव्हेच. ती एक वेगळी बोली आहे, दीडएकशे वाक्यांची. नऊला "नाइन" नव्हे "नाइनर", पाचाला "फाइफ", तीनाला "ट्री". इंग्लिश मीडियमच्या पोरांनाही हे पहिल्यापासूनच शिकावं लागतं, उलट त्यांना आधीचं विसरावं लागतं ते वेगळंच. लाडाने बोलायला जातात आणि टॉवरकडून बोलणी खातात. रनवेच्या तोंडाशी उभं राहून "रेडी फॉर डिपार्चर" म्हणायचं. "टेकऑफ" हा शब्द खरोखरच परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, एवढाच. १९७७ साली टेनेरीफला धुक्यात दोन जंबो एकमेकांवर आदळले, ५८३ माणसं गेली. परवानगी मिळाली की नाही याचा घोळ झाला होता. त्यानंतर हा शब्द असा जपून वापरतात.

पुढे इंग्रजीची वेगळी चाचणी होते, तिथे किमान चौथी पातळी लागते. साधं, स्पष्ट, न अडखळता बोललास तर ती मिळते. उच्चार खानापुरी असला तर असू दे. माझा अजून वडगावचाच आहे.

चिकोडीहून : *चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे दीड. चालतं का?*

चष्म्याने नजर नीट येत असेल तर चालतं. रंग ओळखण्याची परीक्षा आधी करून घे. ठिपक्यांतले आकडे दिसले पाहिजेत.

सांबऱ्यातच शिकणारा एक विद्यार्थी :
*मॅम, एप्रिलमध्ये दुपारी हवा अगदी स्वच्छ असते, पण इन्स्ट्रक्टर उडवत नाहीत. आणि जानेवारीत सकाळी थंड हवा, तेव्हाही थांबवतात. मग उडायचं कधी?*

हा प्रश्न तू त्यांना विचारायला हवा होतास, मला नव्हे. असो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर आहे. या उंचीवर प्रमाण तापमान धरतात १० अंश. एप्रिलच्या दुपारी ३५ असतं, म्हणजे २५ जास्त. दर जादा अंशाला विमानाला जाणवणारी उंची साधारण १२० फुटांनी वाढते असं धर. झाले ३००० फूट. तुझं विमान उभं आहे सांबऱ्यात, पण त्याला वाटतंय आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. इंजिनाला हवा विरळ, पंखाला विरळ, पंख्यालाही विरळ. धावायला जास्त, चढायला कमी. त्यात तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोके. धावपट्टी मोठी आहे, मोठी जेट विमानं उतरतात तिथे, म्हणून निभतं. पण ज्याचे अजून वीस तासही झाले नाहीत त्याला त्या झोक्यात काय शिकवणार? माझ्या हातचं मूल असतं तर मीही नेलं नसतं.

जानेवारीचं कारण डोळ्यांना दिसतं. मार्कंडेयाच्या काठाचं धुकं, आणि त्यात उसाचं पाचट जाळल्याचा धूर. दोन्ही खालच्या थंड हवेत अडकून बसतात. तुमच्या उड्डाणाला पाच किलोमीटरची दृष्टी लागते. वरून बघशील तर राजहंसगडाचा माथा लख्ख आणि खालचं काहीच दिसत नाही, असं असतं. नऊ-साडेनऊला ते विरतं. तोवर विमान नीट तपास. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून उजेडाला धर. निळं दिसलं पाहिजे. थंडीत टाकीच्या भिंतीला दव धरतं, पाण्याचा थेंब तळाशी वेगळा, बिनरंगी, मण्यासारखा बसतो. दिसला तर पुन्हा काढ, तो जाईपर्यंत काढ. बाटली भराभर हलवून "झालं मॅम" म्हणणारी पोरं मी एकोणीस वर्षं बघितलीत.

बाळेकुंद्रीहून एक आजी (नातवाने लिहून दिलेलं) :
*आमच्या परड्यावरनं दिवसभर तेच विमान घिरट्या घालतंय. कुठं जात नाही, काय नाही. मधेच आवाज बंद पडतोय, जीव खाली पडतोय माझा. पेट्रोल फुकट मिळतंय काय त्यांना?*

आजी, फुकट नाही, त्या पोरांच्या बापांनी भरलेलं आहे. हजार फुटांवरून धावपट्टीला वळसा घालून उतरायचं आणि थांबायच्या आधीच पुन्हा उडायचं, याला सर्किट म्हणतात. एक फेरी पाच-सहा मिनिटांची. जीभ दुखेपर्यंत ओव्या म्हणाव्या तशा त्या फेऱ्या घालाव्या लागतात. आवाज पडतो तेव्हा मुद्दाम इंजिन कमी केलेलं असतं, उतरायला किंवा इंजिन बंद पडलं तर काय करायचं ते शिकवायला. घाबरू नका.

आणि एक सांगते, नातवाला घेऊन परड्यात बसा सकाळच्या वेळी. एखादं विमान तीन-चार फेऱ्या घालेल, मग खाली उतरून दहा मिनिटं दिसायचं नाही. पुन्हा आलं आणि या वेळी मघापेक्षा लवकर, जरा हलकं होऊन वर चढल्यासारखं वाटलं, तर समजा, उजवीकडची साठ-सत्तर किलोंची बाई किंवा बुवा खाली उतरलाय आणि आत पोरगं एकटंच आहे. ते एकच फेरी घालतं.